लाइट कर्व्ह सपाट करायला बसले तेव्हा

केप्लर दुर्बिणीचा डेटा उतरवून पहिल्यांदा एखाद्या ताऱ्याचा लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार त्याच्या प्रकाशाचा आलेख काढला की धक्काच बसतो. पेपरांत, भाषणांत वगैरे बघितलेले आलेख कसे, एक सरळ रेघ आणि मधे नीटस खड्डा. आपल्या स्क्रीनवर मात्र पायऱ्या, उतार, तुटलेले तुकडे, मधेच हुकासारखी वळणं. मी नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी या प्रकारात उतरले, गेल्या हिवाळ्यात सुरुवात केली आणि पावसाळा संपता संपता एका ताऱ्याचं काम पूर्ण झालं. कोणी नवीन याच वाटेने जाणार असेल तर थोडं कमी गोंधळायला होईल म्हणून क्रमाने लिहिते आहे. पायथनची तोंडओळख आहे असं धरून चालते, त्याहून जास्त काही लागत नाही.

तारा निवडला केप्लर-१७. त्याभोवती गुरूसारखा एक ग्रह १.४८५७ दिवसांत फेरी मारतो आणि ताऱ्यासमोरून जाताना (याला ट्रान्झिट म्हणतात) सुमारे २.३ तास ताऱ्याचा प्रकाश जवळपास २ टक्क्यांनी घटवतो. हा ग्रह २०११ मध्ये जाहीर झाला. मला तो हवा होता कारण तारा स्वतः डागाळलेला आहे, सूर्यावर असतात तसे डाग पण खूप मोठे, आणि तारा स्वतःभोवती फिरतो तसे हे डाग समोर येतात-जातात त्यामुळे प्रकाश काही टक्क्यांनी वरखाली होत राहतो. म्हणजे खड्डा आणि लाट साधारण एकाच उंचीचे. डीट्रेंडिंग, म्हणजे आलेखातले नको असलेले संथ चढउतार (ट्रेंड) काढून तो सपाट करणं, शिकायचं तर सोप्या शांत ताऱ्यावर शिकून उपयोग नाही असं माझं मत, तिथे काहीही केलं तरी उत्तर बरोबरच येतं.

डेटा मास्ट नावाच्या संग्रहात आहे, फुकट आहे, सार्वजनिक डेटाला खातंही उघडावं लागत नाही. वेबसाइटवरून एकेक फाइल घेता येते पण त्या भानगडीत पडू नका, लाइटकर्व्ह ही पायथनची लायब्ररी इन्स्टॉल करा, ती ताऱ्याचं नाव दिलं की थेट यादी काढून देते. यादी बघून घाबरायला होतं. एकाच ताऱ्याच्या कितीतरी ओळी, लेखक म्हणून वेगवेगळ्या पाइपलाइनची (कच्च्या डेटावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रामची) नावं, कुठे १ मिनिटाचं एक्सपोजर कुठे ३० मिनिटांचं. सुरुवातीला मोहिमेची अधिकृत पाइपलाइन आणि लाँग केडन्स एवढंच घ्यायचं, म्हणजे दर २९.४ मिनिटांनी एक नोंद. एका तिमाहीची फाइल अर्धा एमबीच्या आसपास असते त्यामुळे इंटरनेट आणि डिस्क दोन्हीची काळजी नको. खर्च म्हणाल तर सगळ्या प्रकरणात पैशाचा शून्य, वेळेचा मात्र विचारू नका.

आता त्या पायऱ्या. त्या का येतात हे समजून घेण्यात मी बराच वेळ घालवला आणि तो वाया गेला असं अजिबात वाटत नाही, कारण कारण माहीत नसेल तर नुसतं गणित लावून काढलेला ट्रेंड म्हणजे अंधारात इस्त्री फिरवणं. केप्लर आपली सौरपटलं सूर्याकडे ठेवण्यासाठी दर तीन महिन्यांनी ९० अंशांत वळायचा. वळला की तोच तारा कॅमेऱ्याच्या दुसऱ्या सीसीडी चिपवर पडायचा, तिथल्या पिक्सेलची संवेदनशीलता वेगळी, आजूबाजूच्या ताऱ्यांचा मिसळणारा प्रकाश वेगळा, झाली पायरी तयार. एका तिमाहीच्या आतला जो संथ उतार असतो तो मुख्यतः यान सूर्याभोवती फिरताना त्याच्या वेगाची दिशा बदलत जाते म्हणून, ताऱ्याची प्रतिमा पिक्सेलवर किंचित सरकत राहते आणि मोजमापाच्या चौकटीतून थोडा प्रकाश बाहेर सांडतो. महिन्यातून एकदा डेटा पाठवायला यान पृथ्वीकडे तोंड फिरवायचं, तेव्हा त्याचं तापमान बदलायचं, परत आल्यावर फोकस जागेवर यायला वेळ लागायचा, तोच आलेखातला हुक. आणि अधूनमधून एखादा वैश्विक किरण पिक्सेलवर आदळला की तिथली संवेदनशीलता एकदम पडते आणि मग हळूहळू थोडी सावरते, ही पायरी तर तिमाहीच्या मधेच कुठेही येते आणि ट्रान्झिटच्या सुरुवातीसारखी दिसून फसवते.

हे सगळं डेटा रिलीज नोट्समध्ये लिहिलेलं असतं. रूक्ष दस्तऐवज आहेत, तिमाहीगणिक वेगळे, तारखा आणि घटनांचे तक्ते, वाचताना डोळे मिटतात. तरी वाचा. आपल्या आलेखातला विचित्र भाग आणि तक्त्यातली तारीख जुळली की सुटल्यासारखं वाटतं. एक तारखेची गोम सांगून ठेवते, केप्लरच्या फाइलीतला वेळ म्हणजे बॅरिसेंट्रिक ज्युलियन दिनांकातून (दिवसांची सलग मोजणी, सौरमालेच्या वस्तुमानकेंद्राच्या हिशोबाने) २४५४८३३ वजा केलेला असतो आणि टेस दुर्बिणीच्या फाइलीत २४५७००० वजा केलेला, दोन्ही मोहिमांचा डेटा एकत्र बघायचा असेल तर हे आधी सारखं करून घ्या.

फाइलीत प्रत्येक नोंदीसोबत क्वालिटी फ्लॅग असतो, एक आकडा, त्याच्या प्रत्येक बिटचा अर्थ वेगळा. यान वळत होतं, थ्रस्टर पेटला, वैश्विक किरण आला, असं. लाइटकर्व्ह आपणहून बऱ्यापैकी वाईट नोंदी गाळते, हवं तर कडक किंवा अतिकडक गाळणीही लावता येते. मी साधीच ठेवली. अतिकडक लावली की चांगल्या नोंदीही जातात आणि आलेखात भोकं पडतात, आणि भोकं डीट्रेंडिंगला सगळ्यात जास्त त्रास देतात. फक्त रिकाम्या नोंदी आठवणीने काढा, एक जरी उरली तरी पुढचा फिल्टर कधी अख्खा तुकडा रिकामा करतो आणि एरर सुद्धा देत नाही.

मग येतो पहिला खरा निर्णय. फाइलीत प्रकाशाचे दोन कॉलम असतात, सॅप आणि पीडीसीसॅप. सॅप म्हणजे चौकटीतल्या पिक्सेलची सरळ बेरीज, सगळ्या दोषांसकट. पीडीसीसॅपमध्ये पाइपलाइनने यानाचे दोष काढलेले असतात, आणि ते कसे, तर त्याच सीसीडीवरच्या इतर शांत ताऱ्यांमध्ये जे चढउतार सामाईक दिसतात ते यानाचेच असणार असं धरून. त्या सामाईक चढउतारांचे मूळ आकार वेगळे काढून ठेवलेले असतात, त्यांना सीबीव्ही म्हणतात, आणि प्रत्येक ताऱ्यात ते कमीजास्त प्रमाणात बसवून वजा केले जातात. कल्पना सुरेख आहे. हजारो तारे एकाच वेळी एकाच पद्धतीने मंद होणार नाहीत, झालेच तर दोष दुर्बिणीचा. जमिनीवरच्या मोठ्या सर्वेक्षणांसाठी सिसरेम आणि टीएफए या दोन पद्धती २००५ मध्ये आल्या त्यांच्या मुळाशी पण हेच आहे.

पण पीडीसीची एक बाजू नवख्यांना कोणी सांगत नाही. साधारण २० दिवसांहून लांब पल्ल्याचे बदल तारा स्वतः करत असला तरी ते यानाच्या उतारासारखेच दिसतात आणि दोषाबरोबर पुसले जायची शक्यता असते. माझा तारा सुमारे १२ दिवसांत फिरतो म्हणून मला पीडीसीसॅप चालण्यासारखा होता. ३० दिवसांत फिरणारा असता तर मी सॅपवरून स्वतः सीबीव्ही बसवायला घेतले असते, लाइटकर्व्हमध्ये त्याची सोय आहे, आणि त्यात आपण जास्त बसवतोय की कमी हे दाखवणारे दोन मापदंडही आहेत. खात्रीसाठी मी सॅप आणि पीडीसीसॅप एकावर एक काढून बघितले, लाटेची उंची दोन्हीत सारखी आहे ना एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे, करत जा.

यानंतर तिमाह्या जोडायच्या. जोडणारी आज्ञा प्रत्येक तिमाहीला तिच्या मध्यकाने भागते आणि एकापुढे एक लावते, पायऱ्या नाहीशा होतात, फार बरं वाटतं. पण त्याच क्षणी आपण तीन महिन्यांहून संथ असलेला प्रत्येक बदल फेकून दिलेला असतो, खरा असो की खोटा. याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे केआयसी ८४६२८५२, तोच तो टॅबीचा तारा, ज्याचा प्रकाश मधेच २२ टक्क्यांपर्यंत पडला होता. त्या मोठ्या खड्ड्यांची चर्चा सगळीकडे झाली, पण तो तारा केप्लरच्या चार वर्षांत हळूहळू ३ टक्क्यांहून जास्त मंदही झाला हे नेहमीच्या आलेखात दिसतच नव्हतं. माँटे आणि सायमन यांनी २०१६ मध्ये केप्लरने महिन्यातून एकदा घेतलेल्या कॅमेऱ्याच्या संपूर्ण दृश्याच्या प्रतिमा वापरून, आसपासच्या ताऱ्यांशी तुलना करून ते दाखवलं. हे वाचल्यापासून जोडणीची आज्ञा लिहिताना माझा हात थोडा थबकतो.

म्हणून सगळ्यात आधी कागदावर लिहायचं की आपल्याला काय मोजायचंय आणि ते किती वेळात घडतं. मला दोन गोष्टी हव्या होत्या, २.३ तासांचा ट्रान्झिट आणि १२ दिवसांची लाट. पहिलीसाठी दुसरी कचरा आहे आणि दुसरीसाठी पहिली. एकाच सपाट केलेल्या आलेखातून दोन्ही मिळत नाहीत, दोन वेगळे आलेख बनवावे लागतात. ऐकायला साधं वाटतं पण मदत मागणारे बरेच जण फिल्टर लावून मग ताऱ्याचा फिरण्याचा काळ शोधत असतात आणि सापडत नाही म्हणून हैराण होतात. सापडणार कसा, तो तर आपणच पुसला.

ट्रान्झिटसाठी पहिला प्रयोग लाइटकर्व्हच्या फ्लॅटन या आज्ञेचा. आत सॅविट्स्की-गोले फिल्टर आहे, १९६४ मधला, रसायनशास्त्राच्या मोजमापांसाठी आलेला, एका सरकत्या खिडकीत छोटी बहुपदी बसवत जातो. मूळ खिडकी १०१ नोंदींची. इथे लक्ष द्या, नोंदींची, तासांची नाही. केप्लरच्या लाँग केडन्सला १०१ नोंदी म्हणजे जवळपास ४९.५ तास, आपल्या ट्रान्झिटच्या वीसपट, काही बिघडत नाही. तीच आज्ञा टेसच्या २ मिनिटांच्या डेटावर चालवली तर १०१ नोंदी म्हणजे ३ तास २२ मिनिटं, आणि फिल्टर ट्रान्झिटलाच ट्रेंड समजून भरून काढतो. दुसऱ्याची नोटबुक कॉपी करून आपल्या डेटावर लावताना सगळ्यात आधी हा आकडा बघा.

माझा ट्रान्झिट २ टक्के खोल असल्याने फ्लॅटनमध्ये फार त्रास झाला नाही कारण ते पहिल्या फेरीनंतर खूप खाली पडलेल्या नोंदी बाजूला काढून परत ट्रेंड बसवतं, खोल खड्डे आपोआप बाहेर जातात. उथळ खड्ड्यांना ही सवलत मिळत नाही. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना लांबून बघितलं तर प्रकाश फक्त ८४ पीपीएम म्हणजे दशलक्षात ८४ भागांनी घटतो, एवढासा खड्डा गोंगाटातच राहतो, ट्रेंड त्याच्याकडे वाकतो, खोली कमी होते आणि खड्ड्याच्या दोन्ही कडांना खोटे उंचवटे येतात. असे उंचवटे दिसले की समजायचं खिडकी अरुंद आहे. ग्रहाचा काळ आणि ट्रान्झिटची वेळ माहीत असेल तर त्या नोंदींवर मास्क लावून, म्हणजे त्या झाकून, ट्रेंड बसवणं हा सगळ्यात प्रामाणिक उपाय, त्यात ट्रान्झिटच्या खऱ्या लांबीपेक्षा थोडी जास्त जागा झाका.

आणखी एक, टोकाच्या नोंदी छाटताना वरच्या आणि खालच्या बाजूला वेगळी मर्यादा ठेवा. वरच्या बाजूला कडक ठेवली तरी चालते, खालच्या बाजूला जवळजवळ नाहीच, नाहीतर ज्या खड्ड्यासाठी एवढा खटाटोप तोच छाटला जातो.

नंतर वोटान वापरून बघितलं. २०१९ मध्ये आलेली लायब्ररी, खूप पद्धती एकाच जागी, आणि खिडकी दिवसांत द्यायची असते हा मोठाच दिलासा. त्यातली बायवेट पद्धत मला आवडली, ती खिडकीतल्या विसंगत नोंदींना वजनच देत नाही. शिफारस अशी की खिडकी ट्रान्झिटच्या लांबीच्या तिप्पट ठेवा. का, हे थोडा विचार केला तर उलगडतं. मध्यक घ्या किंवा बायवेट, निम्म्याहून जास्त नोंदी बिघडलेल्या असतील तर कोणतीच पद्धत टिकत नाही. खिडकी दुप्पट असेल तर ट्रान्झिटच्या मध्यावर बरोबर निम्म्या नोंदी खड्ड्यातल्या, म्हणजे कडेलोटावर. तिप्पट असेल तर एक तृतीयांश, निभावून जातं. त्याहून फार मोठी केली तर डागांची लाट नीट निघत नाही.

हे वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा मी तपासून घेतलं आणि माझ्या मते सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात उपयोगी. पीडीसीसॅपमध्ये खऱ्या ट्रान्झिटपासून दूर, मुद्दाम खोटे ट्रान्झिट घातले, खोली मला माहीत, लांबी माहीत. मग वेगवेगळ्या खिडक्या लावून प्रत्येक वेळी किती खोली परत मिळते ते मोजलं. खिडकी ट्रान्झिटएवढी असली की खोटा खड्डा जवळजवळ गायब, वाढवत गेलं की परत येतो आणि एका ठिकाणानंतर खिडकी वाढवून काही मिळत नाही. तो आलेख बघितल्यावर खिडकीचा आकडा कुठून आणला असं कोणी विचारलं तर सांगायला उत्तर असतं. डीट्रेंड झाल्यावर खोटे खड्डे घालू नका मात्र, त्याने काहीच सिद्ध होत नाही, ते फिल्टरमधून जायलाच हवेत. संगणक रात्रभर चालत ठेवून झोपून जायचे, सकाळी ऑफिसला निघायच्या आधी निकाल बघायचे, त्यात मजा होती.

तुकड्यांच्या कडा हा वेगळाच वैताग. जिथे डेटात खंड पडतो तिथे खिडकी अर्धीच भरते आणि ट्रेंड टोकाला उगाच वर किंवा खाली वळतो. खंडाच्या दोन्ही बाजूंना फिल्टर वेगळा लावायला सांगायचा आणि कडेच्या अर्ध्या खिडकीएवढ्या नोंदी सरळ टाकून द्यायच्या. जीवावर येतं. पण कडेवर सापडलेले ग्रह फार वेळा ग्रह नसतात.

आता डागांची गंमत, इथे मी सगळ्यात जास्त रमले. ट्रेंड काढायचा म्हणजे वजा करायचा की भागायचा? यानाची संवेदनशीलता बदलली असेल तर भागणं बरोबर, कारण तिथे सगळ्या प्रकाशाला एकच गुणक लागलेला असतो. डागांचं तसं नाही. ग्रह ताऱ्याचा जो स्वच्छ पट्टा झाकतो त्याचा प्रकाश तेवढाच राहतो, डाग दुसरीकडे कुठेतरी आहेत आणि त्यांनी एकूण प्रकाश कमी केलाय. समजा डागांमुळे तारा ३ टक्के मंद आहे आणि खरा खड्डा २ टक्क्यांचा, तर मंद पातळीने भागल्यावर तो २.०६ टक्के दिसणार. म्हणजे डाग समोर असताना ग्रह मोठा, डाग मागे गेले की लहान! ग्रहाचा आकार अचूक हवा असेल तर हा फरक सोडून चालत नाही. मी ट्रेंडचा आलेख जपून ठेवला आणि प्रत्येक ट्रान्झिटच्या वेळी तारा किती मंद होता ते शेजारच्या कॉलममध्ये लिहून घेतलं.

केप्लर-१७ मध्ये त्यावर कडी म्हणजे ताऱ्याचा फिरण्याचा काळ ११.८९ दिवस, ग्रहाच्या काळाच्या बरोबर आठपट. दर आठव्या ट्रान्झिटला ग्रहासमोर ताऱ्याची तीच बाजू येते. सगळे ट्रान्झिट एकावर एक रचून सरासरी काढण्याआधी मी त्यांचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाचा वेगळा आलेख काढला. खड्ड्याच्या तळाशी छोटे उंचवटे दिसतात, ग्रह डागावरून जातो तेव्हा कमी प्रकाश झाकला जातो म्हणून. मी एकटीच खोलीत ओरडले. ते उंचवटे छाटणीत विसंगत नोंदी म्हणून जाऊ शकतात, म्हणून वरच्या बाजूची छाटणीसुद्धा ट्रान्झिटच्या आत बंद ठेवा.

फिरण्याचा काळ काढण्यासाठी उलटं केलं, पीडीसीसॅप घेतला, ट्रान्झिट झाकले, एकही फिल्टर लावला नाही आणि लॉम्ब-स्कार्गल पिरिओडोग्राम, म्हणजे कोणत्या काळाची लाट किती जोरात आहे हे दाखवणारा आलेख, काढला. १२ दिवसांच्या आसपास टोक येतं आणि त्याच्या निम्म्या काळालाही एक, कारण डाग दोन बाजूंना असले की एका फेरीत दोनदा लाट उठते. कुठलं टोक खरं हे ठरवायला मूळ आलेखच डोळ्यांनी बघावा लागतो.

शेवटी गाउशियन प्रोसेस ही सांख्यिकी पद्धत, म्हणजे ट्रेंड आधी काढून टाकायचाच नाही, ट्रेंड आणि ट्रान्झिट एकत्र बसवायचे. तत्त्वतः हेच सगळ्यात चांगलं, कारण ट्रेंडमधली अनिश्चितता ग्रहाच्या आकारात उतरते. पण साध्या पद्धतीने केलं तर चार वर्षांच्या सुमारे ६५ हजार नोंदींचा मॅट्रिक्सच ३४ जीबी मेमरी मागतो, माझ्या लॅपटॉपने हात टेकले असते. सेलेराइटसारख्या लायब्ररीत हे गणित नोंदींच्या प्रमाणातच वाढतं, त्यामुळे घरच्या मशीनवर जमतं. तरीही मी सगळा डेटा न घेता प्रत्येक ट्रान्झिटच्या आजूबाजूचा छोटा तुकडाच घेतला. सुरुवातीला कोणी याच्याकडे धावू नये असं मला वाटतं, आधी साध्या खिडकीने आलेख ओळखीचा होऊ द्या.

मधे टेसचा एक ताराही करून बघितला. तिथे एक सेक्टर, म्हणजे आकाशाच्या एका पट्ट्याचं निरीक्षण, २७.४ दिवसांचा आणि त्यात यानाच्या पृथ्वीभोवती दोन फेऱ्या, प्रत्येकी १३.७ दिवसांची, मधे खंड, शिवाय पृथ्वी आणि चंद्राचा विखुरलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो. त्यामुळे १३-१४ दिवसांचा काळ सापडला की आनंद आवरा. क्यूएलपी या टेस डेटाच्या आणखी एका पाइपलाइनच्या फाइलींत एक कॉलम आधीच डीट्रेंड केलेला असतो हेही बघून घ्या, त्यावर परत फिल्टर फिरवायला नको.

लिखाण करताना कोणती पाइपलाइन, कोणता कॉलम, गाळणी कोणती, खिडकी किती तासांची, मास्क केवढा, छाटणीच्या मर्यादा आणि लायब्ररीची आवृत्ती एवढं सगळं नोंदवलं. आवृत्ती महत्त्वाची, मूळ सेटिंग बदलू शकतात. मोहिमेचा आणि मास्टचा ऋणनिर्देश करायचा असतो, त्याचा ठरलेला मजकूर त्यांच्या साइटवर मिळतो, तोच चिकटवा. वापरलेल्या लायब्ररींचाही उल्लेख करा, बहुतेकींनी कसा करायचा ते सांगून ठेवलेलं असतं. फाइलीत मूळ प्रकाश, ट्रेंड आणि सपाट प्रकाश असे तिन्ही कॉलम ठेवलेत, कोणाला माझा ट्रेंड पटला नाही तर तो परत गुणून दुसरा काढता येईल.